चाक जड की हलकं?



रेसच्या गाडीचा आणि इतिहासाचा काय संबंध, असं काहींना वाटत असेल. म्हणून सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. शहादा तालुक्यात तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी तिथं उत्खनन केलं. खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगातली खापरं सापडली, त्यात चाकावर घडवलेली जोर्वे पद्धतीचीही होती. म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तापीकाठच्या लोकांना कुंभाराचं चाक चांगलं माहीत होतं.

आता हे चाक जड असतं, आणि ते जडच हवं. दांड्यानं एकदा फिरवलं की गती त्यात साठून राहते आणि कुंभाराचे हात मातीसाठी मोकळे होतात. आपल्याकडच्या विहिरींवरची जुनी तेलाची इंजिनं आठवा. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच इंधन पेटतं. बाकीचा वेळ बाजूचं ते अवजड चाक, म्हणजे फ्लायव्हील, इंजिनाला पुढं नेतं. पंपाला आणि गिरणीला एकसारखी गती लागते, म्हणून तिथं जडपणा हा गुण ठरतो.

शर्यतीत मात्र हाच गुण आडवा येतो. तिथं वेग क्षणाक्षणाला बदलायचा असतो. चाक नुसतं पुढं जात नाही, ते स्वतःभोवती फिरतंही. त्यामुळे कडेवरचं एक किलो वजन पळवायला जवळपास दोन किलोंइतकी ऊर्जा लागते. फ्लायव्हीलचं तर आणखी वेगळं. ते चाकांपेक्षा कितीतरी पट जोरानं फिरतं, आणि गिअरचं गुणोत्तर हिशेबात वर्ग होऊन येतं.

एक हिशेब करून बघू. फ्लायव्हील १४ सेंटिमीटर त्रिज्येची सपाट तबकडी आहे, गाडीच्या चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे, आणि पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या १२ फेऱ्या होतात. तबकडी पातळ करून ४ किलो काढले, तर पहिल्या गिअरमध्ये वेग घेताना गाडी ६० किलोंहून अधिक हलकी झाल्यासारखी वागते. वरच्या गिअरमध्ये, समजा ३.५ फेऱ्या असतील, तर फायदा जेमतेम ९ किलोंचा. म्हणून हलकं फ्लायव्हील वळणातून बाहेर पडताना कामाला येतं, सरळ रस्त्यावर फारसं नाही. त्याची किंमतही मोजावी लागते: गाडी मंद गतीत थरथरते, चढावर सुटताना बंद पडते.

ही अक्कल मोटारीच्या आधीची आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझचा बैलजोडीचा रथ मिळाला. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्याची चाकं भरीव आहेत हे डोळ्यांना दिसतं. आऱ्यांचं चाक आलं आणि मधलं लाकूड गेलं. मात्र आपल्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढते, ती नेमकी कडेवर, जिथं वजन सगळ्यात महाग पडतं. धाव नसेल तर लाकूड झिजतं. ओझ्याच्या गाडीला ती हवीच. शर्यतीचा छकडा मात्र पहिल्यापासून हलकाच बांधतात.

इथं मला मुद्दा सांगायचाय. वेग वाढवायचे दोन मार्ग: ओढणाऱ्याला अधिक पिळायचं, किंवा ओढायचं ते कमी करायचं. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी बंदी आणली ती पहिल्या मार्गामुळे, बैलांच्या यातनांमुळे. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयानं अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. शर्यत परत आली, पण बैलाला इजा करायची मुभा आली नाही.

मग चुरस कुठं उरते? बैलाच्या खुराकात, सरावात, आणि सुतार-लोहाराच्या हातात. चाकाच्या कडेवरचं पावशेर लोखंड कुठून काढता येईल, हे रेसच्या इंजिनिअरला पडणारं कोडं आपल्या गावच्या सुतारालाही पडतं. ते सोडवणारी माणसं आता गावोगाव कमी होत चालली आहेत. तुमच्या गावात कुणी उरलं असेल, तर माझं व्याख्यान नंतर ऐका, आधी त्यांच्याकडे जाऊन बसा.