मूळ ग्रंथ जळाला, प्रतिकृती उरली

युरोपात छपाईचे तंत्र रूढ होण्यापूर्वी ग्रंथ हाताने लिहिले जात. वासराच्या किंवा मेंढीच्या कातड्यापासून तयार केलेल्या चर्मपत्रावर लेखनिक मजकूर उतरवीत आणि चित्रकार आद्याक्षरे, समास व स्वतंत्र पृष्ठे रंगांनी आणि सोन्याच्या वर्खाने सजवीत. वर्खावर उजेड पडताच पान झळाळून उठते. म्हणूनच या ग्रंथांना 'इल्युमिनेटेड', म्हणजे उजळलेली हस्तलिखिते असे नाव पडले. असा प्रत्येक ग्रंथ एकमेव असतो. तो नष्ट झाला तर त्याची दुसरी प्रत मिळत नाही. त्यामुळे त्याच्या पानांच्या प्रतिकृतींना दिवाणखान्याच्या शोभेपलीकडचे महत्त्व आहे.

'होर्टस डेलिसिआरम' (आनंदाचे उद्यान) हे याचे ठळक उदाहरण होय. आजच्या फ्रान्समधील अल्सेस प्रांतातल्या होहेनबुर्ग मठाची प्रमुख हेराड हिने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मठातील नन्ससाठी हा ज्ञानकोश तयार करविला. त्यात तीनशेहून अधिक चित्रे होती. फ्रान्स-प्रशिया युद्धात, ऑगस्ट १८७० मध्ये, स्ट्रासबूर्गवर झालेल्या तोफांच्या माऱ्यात तेथील ग्रंथालय जळाले आणि हा ग्रंथही भस्मसात झाला. सुदैवाने क्रिस्टियन एंगेलहार्ट यांनी १८१८ मध्येच त्यातील काही चित्रांच्या प्रतिकृती प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनीही नकला उतरवून घेतल्या होत्या. त्यांच्या आधारे लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटने १९७९ मध्ये ग्रंथाची पुनर्रचना प्रकाशित केली. मात्र अनेक नकला केवळ रेषांच्या असल्याने त्या चित्रांचे मूळ रंग कायमचे हरपले.

इटलीतील तुरीन येथेही असेच घडले. तेथील ग्रंथालयाला जानेवारी १९०४ मध्ये लागलेल्या आगीत एका प्रार्थनाग्रंथाची अमूल्य पाने जळाली. त्यांपैकी काही चित्रे यान व्हान आयक या थोर चित्रकाराची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. फ्रेंच अभ्यासक पॉल द्यूरियू यांनी अवघी दोन वर्षे आधी, १९०२ मध्ये, या पानांची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. ती पाने आज त्या कृष्णधवल छायाचित्रांतूनच पाहता येतात.

पुढे प्रतिकृती हे स्वतंत्र शास्त्र बनले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील 'बुक ऑफ केल्स' हा इ.स. ८०० च्या सुमारास तयार झालेला ग्रंथ असून त्याची ३४० पत्रे आज उपलब्ध आहेत. १९५०-५१ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका प्रकाशनसंस्थेने त्याची संपूर्ण प्रतिकृती काढली, परंतु त्यात रंगीत पृष्ठे फक्त ४८ होती. संपूर्ण रंगीत आवृत्ती निघायला १९९० साल उजाडले. चित्रणासाठी पाने दाबून सपाट करणे धोक्याचे होते. त्यामुळे पानाला स्पर्श न करता हवेच्या शोषणाने ते अलगद सपाट ठेवणारे खास उपकरण तयार झाल्यावरच परवानगी मिळाली. या आवृत्तीच्या १४८० प्रती काढण्यात आल्या. चर्मपत्रावरील बारीक छिद्रेसुद्धा त्यांत जशीच्या तशी उतरवण्यात आली.

बाजारात मिळणारे सुटे कलामुद्रण आणि अशी प्रतिकृती यांत मोठा फरक आहे. सुट्या मुद्रणात पानाचा आकार बदलतो, समास कापले जातात, रंग भडक होतात. प्रतिकृतीत मूळ आकार, डाग, कडा आणि बांधणीही जपली जाते. नेहमीच्या चौरंगी छपाईत सोने पिवळसर तपकिरी दिसते. त्यामुळे दर्जेदार प्रतिकृतींत धातूचा वर्ख वेगळा चढवला जातो. येथे जाणकारीही हवी. केल्सच्या ग्रंथात सोने मुळीच नाही. तेथील सोनेरी भास हरताळ या पिवळ्या खनिजाचा आहे. तेव्हा या ग्रंथाच्या पानावर चमकदार वर्ख चढवलेले मुद्रण कितीही देखणे असले, तरी मूळ ग्रंथाशी प्रामाणिक नसते.

आता अनेक ग्रंथालये आपल्या हस्तलिखितांची संगणकीय चित्रे सर्वांसाठी खुली करीत आहेत. ती मोठी करून पाहता येतात. पण पान उलटताना होणारी वर्खाची चमक त्यांत पकडता येत नाही. प्रतिकृती मूळ ग्रंथाची जागा घेऊ शकत नाही. मात्र मूळ ग्रंथच नाहीसा झाला, तर पुढच्या पिढ्यांच्या हाती तेवढीच उरते, हे स्ट्रासबूर्ग आणि तुरीन यांनी दाखवून दिले आहे.