मजल दरमजल : गंडिकोट

मैसूरच्या गोकुलम वसाहतीत पहाटे पाच वाजता जी वर्दळ असते तीत कन्नड किंवा मराठी बोलणारा माणूस क्वचितच आढळेल. पट्टाभि जोइस यांनी आपली योगशाळा २००२ साली लक्ष्मीपुरम सोडून येथे आणली, तेव्हापासून दूरदेशीची माणसे काखेत चटईची गुंडाळी घेऊन या रस्त्यांनी जाताना दिसतात. त्यांतले अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतातील एक वयस्क दांपत्य मागील हिवाळ्यात दोन महिने आमच्या शेजारी माडीवर राहत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी राहते घर विकून टाकले होते आणि मोटारीतच चूल, बिछाना व न्हाणी असलेले एक फिरते घर घेतले होते. त्या घरात बसून ते कोलोरॅडो नदीच्या महाघळीला, म्हणजे 'ग्रँड कॅन्यन'ला, कितीदा तरी जाऊन आले होते. एकदा छायाचित्रे दाखविता दाखविता गृहस्थांनी सहज विचारले, "तुमच्याकडे असे काही आहे काय?"

मी गंडिकोटचे नाव घेतले. मी स्वतः ते पाहिलेले नव्हते, हे मात्र सांगितले नाही. तीस वर्षांच्या नोकरीत बदल्यांपायी कितीतरी जिल्हे पायांखालून गेले. पण ज्या गावी बदली झाली नाही ते गाव पाहावे, असे कधी सुचले नाही. सरकारी नोकराला भूगोल असतो तो बदलीच्या हुकुमांचा.

त्या महाघळीविषयी वाचू लागलो तेव्हा एक मौजेची गोष्ट हाती लागली. कोलोरॅडोने कोरलेली ही घळ सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. १८६९ च्या २४ मे रोजी जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या एका हाताच्या मेजरने चार नावा आणि स्वतः धरून दहा माणसे घेऊन त्या नदीच्या वरच्या अंगास प्रवास आरंभिला. ३० ऑगस्टला घळीच्या दुसऱ्या तोंडाशी पोहोचली ती सहाच. पॉवेलचा सहकारी भूगर्भशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन याने पुढे घळीतल्या सुळक्यांना नावे दिली, ती विष्णूचे मंदिर आणि शिवाचे मंदिर अशी. आज तेथील अतिप्राचीन खडकाच्या एका थरालाही विष्णूचेच नाव आहे. हिंदुस्थानातले देऊळ ज्याने डोळ्यांनी पाहिले नव्हते अशा माणसाला त्या भव्यतेपुढे स्वतःच्या भाषेतला शब्द अपुरा वाटावा, यात काही नवल नाही. १९०१ साली घळीच्या काठापर्यंत आगगाडी पोहोचली. पुढल्याच वर्षाच्या आरंभी वाफेवर चालणारी एक मोटार निघाली आणि काही तासांच्या म्हणून ठरविलेल्या वाटेवर दिवसचे दिवस रखडत एकदाची पोहोचली. १९१९ साली तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. आता वर्षाकाठी लाखो माणसे तेथे जातात, आणि त्यांत फिरती घरे घेऊन जाणारेही पुष्कळ असतात.

शेजारी मायदेशी परतले, आणि आम्ही बंगळूरहून तसलेच एक फिरते घर भाड्याने घेऊन गंडिकोटच्या वाटेला लागलो. आमच्या सौभाग्यवतींनी चाकांवरच्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी पोहे केले आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावरच्या इडलीला मान दिला, एवढे सांगून प्रवासवर्णन आटोपते घेतो. एक गोष्ट मात्र सांगावयास हवी. चिक्कबळ्ळापूर सोडताना डाव्या हाताला जी नंदीची डोंगररांग दिसते तीतच पेन्ना ऊर्फ उत्तर पिनाकिनी उगम पावते. अनंतपूर, ताडिपत्री अशी मुक्कामाची गावे घेत तिसऱ्या दिवशी आपण पुन्हा तिच्याच काठी येतो. रायलसीमेतला हा मुलूख पावसाच्या आडोशाचा आणि उजाड आहे. काळी माती संपली की तांबडी, तांबडी संपली की नुसती फरशी. जम्मलमडुगूच्या पलीकडे एर्रमला डोंगरात मात्र ही बारीक नदी एकाएकी अंगात आल्यासारखी खडक चिरीत जाते. तेलुगूत 'गंडि' म्हणजे खिंड, घळ. 'कोट' आपल्या ओळखीचा. घळीची रुंदी व खोली शंभर मीटरांच्या आसपास. अमेरिकेतल्या घळीपुढे हे लेकरूच म्हणावे लागेल. परंतु थरावर थर रचल्यासारखे ते तांबूस चौकोनी चिरे पाहिले म्हणजे कोणा पाथरवटाने दोन्ही काठ बांधून काढले असावेत असे वाटते. आणि कडाप्याची फरशी ज्या प्रदेशातून येते तो हाच, हेही आठवते. लहानपणी कोकणातल्या नव्हे, देशावरच्या आमच्या घरात ओट्याला तीच काळी फरशी होती.

काठावरचा किल्ला पेम्मसानी नायकांचा. विजयनगरच्या पडत्या काळातही त्यांनी तो राखला. १६५० साली गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा सेनापती मीर जुमला याने तो घेतला, आणि दोन वर्षांनी ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्याला रत्ने दाखविण्यासाठी येथे आला. किल्ल्यावर येण्यास एकच वाट असून तिच्या एका अंगाला कडा आहे, हे त्याने टिपले आहे. येथे चाललेले तोफांचे ओतकामही त्याने पाहिले. पण माझ्यासारख्या दप्तरात जन्म घालविलेल्या माणसाला त्याच्या वृत्तांतातला एक निराळाच प्रसंग मोहवितो. मीर जुमला किल्ल्यातल्या महालात नव्हे, तंबूत बसला होता. दोन चिटणीस जवळ होते. त्याच्या पायांच्या बोटांच्या फटींत कागद खोवलेले होते, डाव्या हाताच्या बोटांतही होते. एकेक कागद काढावा, उत्तर सांगावे, प्रसंगी स्वतः लिहावे, असा तो एका बैठकीत साऱ्या मुलखाचा कारभार निकालात काढीत होता. टपालाचा असा बिनखर्ची खणवजा दौत-दान मी कोणत्याही कचेरीत पाहिला नाही.

त्या काळी राज्य खऱ्या अर्थाने फिरत्या घरात राहत असे. मोगलांचा पेशखाना, म्हणजे डेऱ्यांचा दुसरा संच, एक मजल पुढे जाऊन उभा राही. मराठ्यांच्या फौजेत ते काम बिनीवाल्यांचे. त्यांनी निशाण रोवले की त्याच्या अनुरोधाने प्रत्येक पथकाने, प्रत्येक बाजाराने आपापली ठरलेली जागा घ्यावयाची. दौलतराव शिंद्यांच्या छावणीसोबत १८०९ साली हिंडलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पत्रांतून तिचे जे वर्णन केले आहे ते एका चालत्या शहराचे आहे. गाव रोज नवे, पण गल्ली तीच. बदलीच्या गावी गेल्यावर नव्या बंगल्यात जुन्याच जागी देव्हारा मांडणाऱ्या आपल्या गृहिणी हेच करीत असतात.

हे चालते शहर कडाप्यापर्यंतही आले होते. १७५७ च्या पावसाळ्याआधी नानासाहेब पेशव्यांनी श्रीरंगपट्टणास वेढा घालून खंडणी ठरविली आणि ते माघारी फिरले. मागे राहिलेल्या बळवंतराव मेहेंदळ्यांनी सप्टेंबरात कडाप्याच्या नबाबाशी लढाई दिली. तीत नबाब अब्दुल मजीदखान मारला गेला. एवढी मोठी फत्ते. पण मुलुख काही टिकला नाही. पुढे तो हैदराने घेतला, १७९२ च्या तहाने निजामाकडे गेला आणि १८०० साली निजामाने तो इंग्रजांना देऊन टाकला. तलवार आली तशी परतली. मागे राहिली ती लेखणी, आणि तिच्याकडे आपल्या इतिहासकारांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही.

या दत्त मुलखाचा मुख्य कलेक्टर म्हणून आला तो टॉमस मन्रो. गोकुलमपासून घटकाभराच्या वाटेवर असलेल्या श्रीरंगपट्टणाचा १७९९ मध्ये पाडाव झाल्यावर मैसूरची घडी बसविण्यास जे मंडळ नेमले गेले, त्याच्या दोन चिटणिसांपैकी हा एक, दुसरा माल्कम. बाल राजास गादीवर बसविण्याचे आणि पूर्णय्यांकडे दिवाणगिरी सोपविण्याचे कागद याच मंडळाच्या दप्तरातले. दत्त मुलखात त्या वेळी ऐंशीच्या घरात पाळेगार होते. प्रत्येकाची गढी वेगळी आणि वसुलीही वेगळी. मन्रोने पहिली कित्येक वर्षे घर असे केलेच नाही. गावोगाव तंबू ठोकावा, रयत बोलवावी, जमाबंदी करावी, तंबू उपटावा. १८०० ते १८०७ अशी सात वर्षे हा क्रम चालला.

तंबूत त्याच्यासमोर कोण बसत असे? मोठ्या संख्येने देशस्थ कारकून आणि शिरस्तेदार. त्या काळी तेलुगू-कन्नड मुलखातल्या महसुली कचेऱ्यांत मराठी ही हिशेबाची एक मान्य भाषा होती, आणि मद्रास इलाख्यातल्या अनेक जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीतले कागद चालत. रयत तेलुगूत गाऱ्हाणे सांगे, कारकून मराठीत मांडी, साहेब इंग्रजीत कळवी. मन्रोचे चरित्र लिहिले गेले, त्याचे पुतळे उभे राहिले. गावोगाव मोजणीची साखळी धरून हिंडलेल्या, परमुलखात चाळीस-चाळीस वर्षे काढलेल्या त्या कारकुनांपैकी एकाचेही नाव आज सामान्य वाचकाच्या तोंडी नाही. त्यांतले सगळेच धुतल्या तांदळासारखे होते असे मी म्हणणार नाही. लाचखाऊ शिरस्तेदारांच्या चौकशीची प्रकरणे त्या इलाख्यात पुढे पुष्कळ गाजली. परंतु आपण ज्या वाटेने नोकरीस आलो ती वाट त्यांनी पाडली आहे, हे विसरणे बरे नव्हे.

या फिरस्तीतून मन्रोच्या हाती काय आले, ते महत्त्वाचे आहे. त्याच्याच मोजणीने ठरविलेला सारा ढोबळ उत्पन्नाच्या शेकडा पंचेचाळीसाच्या आसपास जात होता. १८०७ च्या ऑगस्टात त्याने मद्रासला लिहिले की, हा भार रयतेला सोसणार नाही. सर्व जमिनींवर शेकडा पंचवीस सूट द्यावी आणि विहिरीच्या पाण्याखालील जमिनींवर आणखी शेकडा आठ. म्हणजे सरकारचा वाटा एक तृतीयांशावर येईल. स्वतः बसविलेला सारा स्वतःच जड ठरविणारा कलेक्टर विरळा. मद्रासच्या पक्क्या इमारतीत बसलेल्यांनी ते मानले नाही. मन्रो रजेवर विलायतेस गेला आणि त्याची रयतवारी मोडून गावेच्या गावे मक्त्याने देण्यात आली. मक्तेदार बुडाले आणि गावेही बुडाली. १८२० साली तोच मन्रो मद्रासचा गव्हर्नर होऊन परतला, तेव्हा त्याची सूट अमलात आली. मधल्या तेरा वर्षांत किती कुणबी परागंदा झाले असतील, हा हिशेब मोडीतही नाही आणि इंग्रजीतही नाही.

त्या मुलखाने मात्र त्याला लक्षात ठेवले. मुलांची नावे 'मन्रोलप्पा' ठेवण्याची चाल तेथे पडली. मंत्रालयाला राघवेंद्रस्वामींनी त्याला दर्शन देऊन मठाच्या जमिनीचा उलगडा केला, अशी कथा आजही सांगतात. पण मला सर्वांत विलक्षण वाटते ती गंडीच्या तोरणाची कथा. ही गंडी म्हणजे गंडिकोट नव्हे. पेन्नेची उपनदी पापघ्नी वेंपल्ल्याजवळ डोंगर फोडून बाहेर पडते, तेथे मारुतीचे देऊळ आहे. लंकेहून परतणाऱ्या रामाच्या स्वागतासाठी या घळीवर, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत, सोन्याचे तोरण बांधले गेले होते. ते अजून तेथेच आहे. पण ज्याचे चित्त शुद्ध आणि ज्याचा अंत जवळ आला आहे अशालाच ते दिसते. घोड्यावरून जाताना मन्रोने मान वर करून विचारले, हे एवढे सुंदर तोरण येथे कोणी बांधले? बरोबरच्या कोणालाच काही दिसेना. एक म्हातारा नोकर मात्र समजला आणि रडू लागला.

कथा बाजूस ठेवली तरी घडले ते असे. निवृत्तीचा अर्ज मंजूर होऊन विलायतेस जाण्यापूर्वी जुन्या मुलखाचा एकदा निरोप घ्यावा, म्हणून १८२७ च्या उन्हाळ्यात तो दत्त जिल्ह्यांच्या दौऱ्यावर निघाला. छावणीत पटकी शिरली. ६ जुलैला पत्तिकोंड्याच्या मुक्कामी त्याला ती लागली आणि त्याच रात्री तो वारला. गुत्तीला पुरले, पुढे अस्थी मद्रासच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये नेल्या.

परतताना आम्ही गंडीला वाट वाकडी केली. नदीत पाणी थोडे, माकडे फार. आमचे फिरते घर देवळाच्या कमानीखालून जाईना, म्हणून चालकाने ते अलीकडेच उभे केले आणि आम्ही चालत गेलो. पुजाऱ्याने मारुतीच्या डाव्या हाताची करंगळी दाखविली. रामाने बाणाच्या टोकाने मूर्ती रेखिली आणि ती तेवढी राहून गेली, असे त्याने सांगितले. बाहेर येऊन मी दोन्ही कड्यांच्या मध्ये बराच वेळ पाहत उभा राहिलो. सौभाग्यवतींनी विचारले, "दिसले काही?"

"नाही," मी म्हटले.

"बरे झाले," त्या म्हणाल्या, आणि चहाच्या दुकानाकडे वळल्या.