एसीतला गॅस जातो कुठे?
परवा राळेगावात मेकॅनिकनं जुन्या एसीतला आर-२२ फुस्सकन हवेत सोडला. १९९० च्या दशकातला ऑस्ट्रेलिया आठवला. तिथं ‘प्लास्कॉन’ यंत्र बनलं: आर्गॉनमध्ये विजेचा झोत, १०,००० अंशांवरचा प्लाझ्मा. त्यात फ्लोरिनचे वायू सोडले की रेणूच तुटतात. निघालेलं आम्ल कॉस्टिक सोड्यानं मारायचं. देशभरातून आग विझवायच्या सिलिंडरांतला हॅलॉन गोळा करून मेलबर्नला असाच संपवला. गोळा करून, हे महत्त्वाचं!

आपल्याकडे ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रानं आर-२२ बनवणाऱ्या कंपन्यांना बजावलं, बनवताना निघणारा एचएफसी-२३ स्वखर्चानं नष्ट करा. कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त तापवणारा वायू तो. चांगलंच झालं. पण गावोगावच्या एसीतला गॅस?

मेकॅनिकले विचारलं. म्हणाला, “भाऊ, जमा करतो, पण देऊ कोणाले?”