बार्शीचे आकडे कोणाच्या मालकीचे?

बार्शी म्हटले की पुष्कळांना भगवंताचे देऊळ आठवते, जुन्या माणसांना बार्शी लाइटची छोटी आगगाडी आठवते. कर्करोगाच्या अभ्यासकांना मात्र हे गाव वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. भारतातल्या ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली येथे सुरू झाली. या नोंदणीतून आणि तिच्या आधाराने झालेल्या कामातून जे ज्ञान तयार झाले, ते कोठे गेले आणि कोणाला वाचता आले, हे पाहिले तर विज्ञानाच्या इतिहासातला एक मोठा वाद समजायला सोपा जातो.

गावोगाव जाऊन मोजणी

कर्करोग नोंदणी म्हणजे रुग्णालयातली रुग्णांची यादी नव्हे. रुग्णालयात कुठूनही रुग्ण येतात, त्यामुळे त्या यादीवरून दर लाख माणसांमागे रोगाचे प्रमाण किती, हे काढता येत नाही. त्यासाठी एक प्रदेश ठरवावा लागतो, त्याची लोकसंख्या माहीत असावी लागते आणि त्या प्रदेशातला प्रत्येक नवा रुग्ण नोंदला जावा लागतो. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होती. शहरात हे काम रुग्णालये, प्रयोगशाळा आणि मृत्यूची नोंद ठेवणारी कार्यालये यांच्या दप्तरांवरून होऊ शकते. खेड्यात कित्येक रुग्ण निदान न होताच दगावतात, मग दप्तरात सापडणार काय?

म्हणून बार्शीत उलटी पद्धत घेतली गेली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या सुमारे साडेतीनशे गावांत नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः जात. लोकांना रोगाची लक्षणे सांगत, संशय वाटला तर तपासणीसाठी बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात यायला सांगत. डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही या कामातली प्रमुख नावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाशी ही नोंदणी जोडलेली होती, म्हणजे त्यात सार्वजनिक पैसा होता.

थोड्याच वर्षांत एक लक्षणीय गोष्ट दिसली. कार्यकर्ते गावात बोलू लागल्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. नुसत्या माहितीने हा फरक पडला होता. १९९५ साली हा निष्कर्ष कर्करोगावरील एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ते नियतकालिक इंग्रजीत, आणि वर्गणी भरणाऱ्या ग्रंथालयांसाठी. लोकांना माहिती मिळाल्याने काय होते हे सांगणारा निबंधच त्या लोकांच्या आवाक्याबाहेर राहिला!

एक लाख एकतीस हजार स्त्रिया

पुढची कामगिरी याहून मोठी. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची ल्याँ येथील कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली एक प्रयोग हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे, गावांच्या ५२ समूहांनुसार, चार गट केले. एका गटाची पॅपिलोमा विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला नेहमी उपलब्ध असतील तेवढ्याच सोयी. या चौथ्या गटाला तपासणी न देणे योग्य होते का, यावर पुढे वादही झाला.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर निष्कर्ष हाती आले. चौथ्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या कर्करोगाने दगावल्या. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ पैकी ३४. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हा निबंध आला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. या नियतकालिकाचा त्या काळचा सर्वसाधारण नियम असा, की संशोधन निबंध आधी वर्गणीदारांना आणि सहा महिन्यांनी सर्वांना खुले. प्रयोगाचा खर्च गेट्स प्रतिष्ठानने दिला होता. पण त्यात राबलेल्या संस्था सार्वजनिक होत्या आणि सहभाग खेड्यातल्या बायकांचा होता.

भिंत कशी उभी राहिली?

वैज्ञानिक नियतकालिकांची सुरुवात १६६५ साली लंडन आणि पॅरिस येथे झाली, ती मुळात माहिती पसरवण्यासाठी. निबंध लिहिणाऱ्याला मानधन मिळत नाही, तो तपासणाऱ्या तज्ज्ञांनाही सहसा मिळत नाही. त्यांना हवे असते ते वाचले जाणे. पण छापण्याच्या बदल्यात लेखक आपला प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, प्रकाशकाकडे सोपवू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारांनी संशोधनावर भरपूर पैसा ओतला, निबंध वाढले आणि हा मोठा व्यवसाय झाला. सरकार संशोधनाला पैसे देई आणि तेच निबंध वाचायला ग्रंथालयांच्या वर्गणीसाठी पुन्हा पैसे देई. १९८० नंतर वर्गण्या इतक्या चढल्या की श्रीमंत विद्यापीठेही नियतकालिके बंद करू लागली.

इंटरनेट आल्यावर छपाई आणि टपालाचा खर्च राहिला नाही, तेव्हा प्रश्न उघड विचारला गेला. २००२ साली बुडापेस्ट येथे 'खुली उपलब्धता' या मागणीचा जाहीरनामा निघाला. अमेरिकेत २००८ पासून सरकारी वैद्यकीय अनुदानातले निबंध वर्षाच्या आत खुले करणे सक्तीचे झाले. प्रकाशकांचे म्हणणे असे, की संपादन, निवड आणि जतन यांना खर्च येतो, आणि कित्येक वैज्ञानिक संस्था याच उत्पन्नावर चालतात. हा मुद्दा खोटा नाही. पण २०११ च्या अखेरीस अशी सक्ती बेकायदा ठरवणारे विधेयक अमेरिकी संसदेत आले, तेव्हा हजारो संशोधकांनी एका मोठ्या प्रकाशकावर बहिष्कार जाहीर केला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये विधेयक बारगळले.

आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये आणि केंद्राच्या विज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये खुल्या उपलब्धतेचे धोरण स्वीकारले. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर झाली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. सोय मोठी आहे, यात शंका नाही. मात्र भिंत यात पाडलेली नाही, दाराचे भाडे सरकारने एकरकमी भरले आहे. आणि शाळा दाराबाहेरच आहेत. दुसरीकडे, खुल्या नियतकालिकांपैकी अनेक जण आता लेखकाकडून मोठे शुल्क घेतात. वाचकाची अडचण संशोधकाच्या खिशावर सरकली, एवढेच.

शिक्षकाचा अधिकार

मग शाळेतल्या शिक्षकाने काय करावे? येथे कायदा नीट समजून घेणे उपयोगी आहे. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने संरक्षण मिळते ते मांडणीला, शब्दांना, चित्रांना. वस्तुस्थितीला नाही. निबंधाचे भाषांतर करून छापायला परवानगी लागते. त्यातली तथ्ये आपल्या शब्दांत सांगायला कोणाचीच लागत नाही. याच कायद्याच्या कलम ५२ नुसार शिकवण्याच्या ओघात शिक्षक व विद्यार्थी मजकुराची नक्कलही करू शकतात. दिल्ली विद्यापीठातल्या छायाप्रतींच्या दुकानावर तीन मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठी आवश्यक असलेल्या प्रती काढण्याच्या बाजूने कौल दिला.

म्हणून वरचे आकडे वर्गात जरूर वापरा. नववी-दहावीच्या मुलांना दोन्ही गटांतला दर लाखामागचा मृत्युदर काढायला सांगा. उत्तरे सुमारे २०३ आणि १०० येतील. नुसते ६४ आणि ३४ यांची तुलना का चालत नाही, गट गावांनुसार का पाडले, चौथा गट का ठेवला, त्यावर वाद का झाला, हे प्रश्न मुले आपण होऊन विचारतील.

निबंध सर्वांना खुला झाला तरी तो इंग्रजीत आणि तज्ज्ञांच्या परिभाषेत असतो. ज्या घरांतून हे आकडे गोळा झाले, त्या घरांतली मुले आपल्या शाळांत आहेत. आई, आजी, मावशी यांनी ही तपासणी करून घेतली पाहिजे, हे त्यांच्या घरी मराठीत पोचवणे कोणत्याही प्रकाशकाच्या हाती नाही. ते शिक्षक करू शकतात, आणि कायदा त्यांच्या आड येत नाही.