वैद्य, नोंदवही आणि विमा

आजार्‍यास कोणतें औषध द्यावें, याविषयीं आपल्या घरांतून पुष्कळ वाद होतात; तें कोणाच्या पैशानें द्यावें, याचा इतिहास मात्र फारसा कोणी चाळीत नाहीं. आयुर्वेद, होमिओपथी, निसर्गोपचार यांचा खर्च विमा कंपन्यांनीं इतर उपचारांच्या बरोबरीनें सोसावा, असें ठरून थोडींच वर्षें झालीं आहेत. येथवर पोंचण्यास इतका काळ कां लागला, हें बारामती व इंदापूर या शेजारच्या तालुक्यांकडे पाहिलें म्हणजे उमजतें.

जुन्या गांवगाड्यांत वैद्य हा बारा बलुतेदारांपैकीं नव्हे. न्हावी गळूं फोडी, व त्याला सुगीच्या वेळीं खळ्यावरून धान्य मिळे. मग त्या वर्षीं घरांत कोणी आजारी पडलेलें असो वा नसो. सर्वांनीं थोडें थोडें द्यावें व गरज पडेल त्यानें सेवा घ्यावी, हें विम्याचें तत्त्व त्यांत ओझरतें दिसतें. मात्र त्यामागें जातीचें बंधन होतें, करार नव्हता. वैद्याची गोष्ट निराळी. त्यास ज्यानें त्यानें ऐपतीप्रमाणें द्यावें.

इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्यांत १९१२ चा वैद्यक नोंदणीचा कायदा झाला व पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीधरांची नोंदवही तयार झाली. वैद्य व हकीम वहीबाहेर राहिले. १९३३ सालीं पुण्यास टिळक आयुर्वेद महाविद्यालय निघालें. आणि बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दींत, १९३८ सालीं, दुसरा कायदा होऊन वैद्य-हकिमांचीही नोंदणी ठरली. मान मिळाला, पैशाचा प्रश्न तसाच राहिला.

तो सोडविण्याचा मोठा यत्न म्हणजे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा. मालक व कामगार या दोघांच्या वर्गणींतून आजारी कामगारास औषधोपचार मिळावा, ही त्याची योजना. परंतु या कायद्यानें हंगामी कारखाने वगळले, आणि वगळलेल्या धंद्यांत साखरेचें नांव स्पष्ट होतें. इकडे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊंस वाढला होता. वालचंदनगर, माळेगांव, भवानीनगर येथें साखर कारखाने उभे राहिले. या भागाचा जो मुख्य उद्योग, तोच विम्याच्या कुंपणाबाहेर पडला. मुकादमामार्फत येणार्‍या तोडणी मजुराची तर बातच नको.

इंदापुराहून पुण्यास येतांना वाटेंत उरुळीकांचन लागतें. तेथें मार्च १९४६ मध्यें गांधीजींनीं निसर्गोपचाराचें कार्य सुरू केलें व पुढें मणिभाई देसाई यांनीं तें वाढविलें. माती, पाणी, ऊन व साधा आहार यांनीं गरिबाची व्याधि दूर व्हावी, हा त्यामागील हेतु. माती फुकट मिळते. पण उपचारासाठीं मुक्काम करणार्‍या मजुराचा बुडालेला रोज कोणी भरून देत नाहीं.

पुढें १९८६ सालीं सरकारी विमा कंपन्यांनीं ‘मेडिक्लेम’ आणला. त्याचा पाया रुग्णालयांतील मुक्काम. २०१३ च्या नियमांनीं इतर पद्धतींस वाट मोकळी केली. मात्र उपचार सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेंत झालेला हवा. २०२० च्या ‘आरोग्य संजीवनी’ विम्यांत आयुर्वेदादि पद्धतींच्या रुग्णालयांतील उपचार आले; आणि १ एप्रिल २०२४ पासून या पद्धतींस बरोबरीनें लेखावें, असें विमा नियामकानें सर्व कंपन्यांस सांगितलें.

रुग्णालयाची अट निष्कारण नाहीं. विम्याचा पैसा सर्व वर्गणीदारांचा. तो वाटेल त्या काढ्याच्या बिलावर वांटला, तर भोंदूंचें फावेल. तरीही एक गोष्ट ध्यानांत येते. १९१२ मध्यें विचारलें, वहींत नांव आहे काय? १९४८ मध्यें विचारलें, कारखाना बारमाही आहे काय? आतां विचारतात, खाट कोठें आहे? उपचारानें खरोखर गुण येतो काय, हा प्रश्न प्रत्येक वेळीं मागें पडला.

सांधे धरलेली म्हातारी वैद्याच्या ओटीवर येते, पुडी घेते, पदराच्या गांठीचे पैसे सोडते आणि घरीं जाते. ती खाटेवर निजत नाहीं, म्हणून विम्याच्या हिशेबांत येत नाहीं. तिच्यापुरती व्यवस्था बलुत्याच्या काळीं होती तेथेंच आहे.