ऊन पाण्याचे गाव

परभणी जिल्ह्यातील खेड्यांत जुन्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार लागते आणि थंडीत त्याच पाण्यातून वाफा निघताना दिसतात. प्रत्यक्षात पाण्याचे तापमान वर्षभर जवळजवळ सारखेच असते. बदलते ती बाहेरची हवा. जमिनीच्या काही मीटर खाली ऋतू पोचतच नाहीत. तिथले तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीइतके, म्हणजे आपल्याकडे साधारण २७ अंश सेल्सिअस असते. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

परभणीहून नांदेड, भोकर, हिमायतनगर असे पूर्वेला जाऊ लागले की काळे रान मागे पडते, टेकड्या सुरू होतात आणि किनवटच्या आसपास सागाचे जंगल लागते. गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा समाजांची वस्ती असलेला हा मुलूख. या डोंगराळ भागात, पैनगंगेच्या काठी, उनकेश्वर नावाचे लहानसे गाव आहे. शिवाचे जुने देऊळ आणि त्याच्या आवारातली कुंडे हीच या गावाची ओळख. कुंडातल्या पाण्याचे तापमान चाळीस ते बेचाळीस अंशांच्या घरात असते आणि पाण्याला गंधकाचा वास येतो.

गावाचे नाव हाच त्याचा पहिला पुरावा आहे. संस्कृत 'उष्ण'चे प्राकृतात 'उण्ह' झाले आणि मराठीत 'ऊन'. आजही आपण 'ऊन ऊन भात' म्हणतो. 'ऊन पाण्याने अंग शेक' असे आजी सांगते. महाराष्ट्राचा नकाशा उघडून हा शब्द शोधावा. राजापूरजवळ उन्हाळे, दापोली तालुक्यात उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे, जळगाव जिल्ह्यात उनपदेव, आणि आपल्याकडे उनकेश्वर. या साऱ्या ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत. तापमापक येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी निरीक्षण करून ते गावाच्या नावात नोंदवून ठेवले होते.

ही नोंद किती जुनी असावी? उनकेश्वरला देवगिरीचा यादव राजा रामचंद्र याच्या काळातला शिलालेख आहे. रामचंद्राची कारकीर्द १२७१ ते १३११ अशी धरतात. प्राचीन मराठी शिलालेखांच्या अभ्यासात या लेखाचा समावेश होतो. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही हे स्थान प्रसिद्ध होते. जवळच माहूरचे रेणुकेचे आणि दत्ताचे क्षेत्र असल्याने यात्रेकरूंची ये-जा होतीच. पुढे हा भाग निजामाच्या राज्यात आला. किनवट तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, लोकांचे येणे मात्र थांबले नाही. त्यातले बरेच जण त्वचेच्या विकाराने त्रासलेले असत.

का येत, ते गावची कथा सांगते. शरभंग ऋषींना कुष्ठासारखा रोग जडला होता. वनवासात असलेल्या रामाने त्यांची ती अवस्था पाहून जमिनीत बाण मारला. गरम पाण्याची धार उसळली आणि त्यात स्नान करून ऋषी बरे झाले. गंमत अशी की चोपडा तालुक्यातल्या उनपदेवलाही हीच कथा सांगतात. तेच ऋषी, तोच राम, तोच बाण. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात शरभंग भेटतात, पण तिथे ना रोग आहे ना झरा. ते अग्निप्रवेश करून तरुण रूपाने ब्रह्मलोकाला जातात. जीर्ण देह टाकून नवा देह मिळणे हा धागा लोकांनी उचलला असावा आणि अग्नीच्या जागी आपल्या गावचे ऊन पाणी घातले असावे, असा आमचा तर्क आहे. ही कथा वर्गात सांगायला हरकत नाही. मात्र तिच्यातले दोन प्रश्न वेगळे काढावेत. पाणी गरम का? आणि त्याने रोग बरा होतो का?

पहिल्या प्रश्नावर मुले हमखास म्हणतात, "खाली ज्वालामुखी असेल." दख्खनचा काळा दगड लाव्हापासूनच झाला हे त्यांनी वाचलेले असते. पण ते उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. ती उष्णता केव्हाच निघून गेली. गंधकाचा वासही ज्वालामुखीची खूण ठरत नाही. खडकांतल्या गंधकयुक्त खनिजांमुळे तो येऊ शकतो.

खरे उत्तर साध्या गणितात आहे. पृथ्वीच्या पोटात खाली जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. कुंडातले पाणी ४२ अंश धरू आणि त्यातून मघाचे २७ वजा करू. उरले १५. दर किलोमीटरला ३० अंश या हिशेबाने एवढी उष्णता मिळवायला पाण्याला निदान अर्धा किलोमीटर खाली जाऊन यावे लागेल. वर येताना ते थोडे निवते, वरच्या गार पाण्यात मिसळते. म्हणून खरी खोली याहून जास्त असणार.

या खोलीवर कोणता खडक असेल? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. ३३८ मीटरपर्यंत काळा बेसाल्ट लागला आणि त्याखाली, गाळाच्या एका पातळ थरानंतर, ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन खडक. किनवट तर बेसाल्टच्या पठाराच्या कडेलाच आहे. तिथे ग्रॅनाइट काही ठिकाणी उघडाच दिसतो. याच भागातून वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारा एक मोठा भ्रंश, म्हणजे खडकांतली सरकलेली भेग, भूवैज्ञानिकांनी नोंदवली आहे. तिला कड्डम भ्रंश म्हणतात. पावसाचे पाणी अशा भेगांतून हळूहळू खोल मुरते, तापते, हलके होते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. कोकणातल्या झऱ्यांच्या पाण्यातील समस्थानिके मोजल्यावर तेही मुळात पावसाचेच पाणी असल्याचे दिसून आले.

या अभ्यासाचा एक धागा पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत जातो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टॉमस ओल्डहॅम यांनी देशभरातल्या सुमारे तीनशे गरम झऱ्यांची यादी केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर, १८८० च्या दशकाच्या आरंभी, त्यांचा मुलगा रिचर्ड याने ती प्रसिद्ध केली. याच रिचर्ड ओल्डहॅमने १९०६ मध्ये भूकंपलहरींच्या अभ्यासावरून पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखवले.

आता दुसरा प्रश्न. 'त्वचारोग' हा एक रोग नव्हे. खरजेवर गंधकाचे मलम चालते हे डॉक्टरही मान्य करतात. गरम पाण्याने त्वचा स्वच्छ होते, खपल्या मऊ पडतात, सांध्यांना आराम वाटतो. त्यामुळे काहींना बरे वाटले असेल तर नवल नाही. पण कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. हान्सेन यांनी तो जंतू १८७३ मध्ये शोधला. तो त्वचेत आणि मज्जातंतूंत राहतो. कुंडातले पाणी तिथवर पोचत नाही. शिवाय रोगाने बधिर झालेल्या हातापायांना चटका कळत नाही. उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी पाणी सत्तर अंशांच्या आसपास असते. तिथे हा धोका फार मोठा.

शरभंगाच्या कथेत एक माणुसकी आहे: रोग्याला हाकलून न देता राम त्याच्यासाठी थांबतो. औषध नव्हते त्या काळात गावाने बाहेर काढलेल्या माणसाला अशा क्षेत्री निदान जागा मिळत असे. आज औषध आहे. १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभरात बरा होतो आणि हे उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. उशीर झाला तर मात्र बोटांचे व्यंग कायमचे राहते. म्हणून मुलाच्या अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसला, तर शिक्षकाने वर्गात गाजावाजा न करता पालकांना गाठावे आणि मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. उनकेश्वरची सहल त्यानंतरही करता येईल.

सहलीला जाताना तापमापक न्यावा. शाळेच्या विहिरीचे तापमान आधी मोजून ठेवावे, मग कुंडाचे मोजावे, आणि किती खोलवरून पाणी आले हे मुलांनाच काढू द्यावे.