जुन्या गाडीचे ‘मिसिंग’ : आधी निदान, मग दुरुस्ती

‘गाडी पिकअप घेत नाही’ आणि ‘गाडी मिसिंग मारते’ या दोन तक्रारी गॅरेजमध्ये बहुधा एका दमात सांगितल्या जातात. वस्तुतः या दोन भिन्न व्याधी आहेत. पहिल्या प्रकारात इंजिनाचे सर्व सिलिंडर काम करीत असतात, परंतु गाडीला ओढ नसते. ती सुस्त, तरीही सुरळीत चालते. दुसऱ्या प्रकारात एखाद्या सिलिंडरातील पेट्रोल आणि हवेचे मिश्रण मधूनमधून किंवा सातत्याने पेटतच नाही. अशा वेळी गाडी थरथरते, झटके देते आणि सायलेन्सरच्या आवाजाचा ताल तुटतो. दोन्ही तक्रारी एकत्रही येऊ शकतात. मात्र आरंभ कोणत्या तक्रारीपासून झाला हे ठरविल्याखेरीज सुट्या भागांवर केलेला खर्च हा जुगार ठरतो. प्लग बदलले, कॉइल बदलली, पंपही बदलला आणि अखेर फाटलेली निघाली ती इनटेकवरची एक किरकोळ रबरी नळी, असे प्रकार विरळा नाहीत.

येथे विचार करावयाचा आहे तो साधारणतः २००० ते २०१० या काळातील पेट्रोल गाड्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये राजधानी परिसरासाठी युरो मानकांचे वेळापत्रक घालून दिले. २००१ मध्ये मुंबईतही भारत स्टेज-दोन मानके आली. सँट्रो १९९८ मध्ये मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शन, म्हणजेच एमपीएफआय, घेऊनच बाजारात उतरली होती. पाठोपाठ झेन, एस्टीम आणि मारुती ८०० यांचेही कार्ब्युरेटर गेले. यांपैकी बऱ्याच गाड्या पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून आणि पर्यावरण कर भरून आजही वाशी, नेरुळ, पनवेल परिसरात धावत आहेत. योग्य निगा राखल्यास त्या आणखी काही वर्षे चालतील, यात शंका नाही. अडचण आहे ती निदानाची. कार्ब्युरेटरच्या काळातील फिटर कानाने आणि स्क्रू-ड्रायव्हरने गाडी लावीत असे. एप्रिल २०१३ पासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-दोन यंत्रणेत संगणक स्वतःच मिसफायर मोजतो. मधल्या पिढीतील अनेक गाड्यांचा संगणक मात्र सेन्सरमधील ठळक बिघाडच तेवढा सांगतो. या गाड्यांना कान आणि मीटर दोन्ही लागतात.

दोष केव्हा दिसतो?

निदानातील सर्वांत मोलाचा भाग बॉनेट उघडण्यापूर्वीच होतो आणि तो मालकालाच करता येतो. दोष थंड इंजिनावर दिसतो की गरम झाल्यावर? सिग्नलला उभे असताना की वेगात? पेट्रोलवर की सीएनजीवर? कोरड्या दिवशी की पावसात? चार दिवस हे टिपून ठेवावे. थंड इंजिन अडखळत असेल आणि दहा मिनिटांनी सुधारत असेल, तर तापमानाचा सेन्सर, हवेची गळती किंवा घट्ट झालेले व्हॉल्व्ह यांच्याकडे संशय जातो. गरम झाल्यावर दोष येत असेल, तर कॉइल आणि क्रँक सेन्सर यांच्याकडे. आयडलिंगला दोष दिसतो आणि वेगात नाहीसा होतो, ही हवेच्या गळतीची खूण आहे. याउलट पाम बीच रस्त्यावर गाडी ठीक चालते, पण खोपोलीनंतर बोरघाटाच्या चढावर चार माणसे आणि एसी असताना दम टाकते, तेव्हा इंजिनाला सर्वाधिक इंधन आणि सर्वांत जोरदार ठिणगी लागत असते. म्हणून पंप, फिल्टर आणि कॉइल प्रथम तपासावेत. घाटापर्यंत जाणे नको असेल, तर बेलापूरच्या पारसिक हिलचा चढही या परीक्षेला पुरेसा आहे.

येथे सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला, २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू असो वा द्रुतगती मार्गावरील घाट, वेगवान वाहतुकीत अचानक मंदावलेली गाडी मागच्यांसाठी धोका असते. झटके देणारी गाडी घेऊन अशा मार्गावर जाऊच नये.

मेलेला सिलिंडर शोधणे

तीन हजार आरपीएमला चालणाऱ्या इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पंचवीस वेळा पेटतो. चारांपैकी एक सिलिंडर बंद पडला, तर शक्ती चतुर्थांशाहून अधिक घटते. कारण निकामी सिलिंडरचे ओझेही उरलेल्या तिघांनाच ओढावे लागते. तीन सिलिंडरच्या मारुती ८०० किंवा अल्टोमध्ये तर गाडी जवळजवळ बसतेच.

मिसिंग सातत्याने असेल, तर इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरचा विजेचा कनेक्टर क्रमाने काढावा आणि परत बसवावा. चांगल्या सिलिंडरचा कनेक्टर काढताच आरपीएम पडतात आणि थरथर वाढते. ज्याचा कनेक्टर काढूनही काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच निकामी आहे. पूर्वी यासाठी चालू इंजिनाची प्लग वायर उपटीत असत. इंजेक्शनच्या गाडीत ती रीत टाळावी. वीस हजार व्होल्टच्या पुढे जाणारा करंट वाट मिळेल तेथून उतरतो, माणसाला झटका देतो, कॉइल जाळतो. शिवाय न जळलेले पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते.

सिलिंडर सापडला, म्हणजे कारण सापडले असे नाही. पुढची युक्ती अदलाबदलीची आहे. समजा दुसरा सिलिंडर मेला आहे. त्याचा प्लग तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा दुसऱ्यात लावावा. दोष तिसऱ्यात गेला, तर प्लगच खराब. दोष जागेवरच राहिला, तर लांबी जुळत असल्यास प्लग वायर, मग इंजेक्टर, याच रीतीने बदलून पाहावे. सगळे बदलूनही दोष हलला नाही, तर तो इंजेक्टरच्या वायरिंगमध्ये किंवा इंजिनाच्या पोटात आहे. या पद्धतीला नवा भाग विकत घ्यावा लागत नाही. गॅरेजमध्ये तिचा आग्रह मालकानेच धरलेला बरा.

चार सिलिंडरच्या अनेक गाड्यांत दोन कॉइल असतात. एक पहिल्या-चौथ्या आणि दुसरी दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी देते. तेव्हा पहिला आणि चौथा असे दोन्ही सिलिंडर एकदम गेले, तर सामाईक कॉइल किंवा तिचे वायरिंग दोषी. एकटा पहिला गेला, तर कॉइलपेक्षा प्लग, वायर किंवा इंजेक्टर यांचा संभव अधिक.

खाडीकाठच्या या शहरात पावसाळ्याचे चार महिने ठिणगीची सत्त्वपरीक्षा पाहतात. प्लग वायरच्या रबराला सूक्ष्म भेगा पडल्या असतील, तर दमट हवेत करंट प्लगपर्यंत न जाता जवळच्या धातूकडे उडी घेतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले, तर या निळसर ठिणग्या चक्क डोळ्यांना दिसतात. मात्र हात लांब ठेवावेत. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिनांवर चढणारा हिरवा थर आणि इंजिनाच्या अर्थिंग वायरचा गंजलेला बोल्ट हीदेखील नेहमीची कारणे आहेत. सोसायटीच्या आवारात आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, हे कोणत्याच स्कॅनरमध्ये उमटत नाही. तिथे टॉर्च लागतो.

सीएनजी किट बसविलेल्या गाड्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सीएनजीचे मिश्रण पेटविण्यास पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. म्हणून थकलेले प्लग वा वायर प्रथम सीएनजीवर दगा देतात आणि पेट्रोलवर आणखी काही महिने तग धरतात. केवळ सीएनजीवर मिसिंग आहे, म्हणून लगेच किटला दोष देणे घाईचे ठरते. किटचे गॅसवाहक भाग मात्र अधिकृत केंद्राखेरीज कोणालाही उघडू देऊ नयेत.

इंधनाची बाजू

सर्व सिलिंडर चालत आहेत, आयडलिंग ठीक आहे, पण चढाला ओढ नाही, अशा तक्रारीत इंधनाचा दाब मोजणे हेच पहिले काम. या पिढीतील बहुतेक गाड्यांत तो तीन बारच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. दाब केवळ उभ्या गाडीत मोजून भागत नाही, रेस दिल्यावर तो टिकतो का हे पाहावे लागते. टिकत नसेल, तर क्रमाने फिल्टर, पंपाला मिळणारे व्होल्टेज आणि मग पंप. व्होल्टेजची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. गंजलेल्या रिलेमुळे पंपाला बाराऐवजी नऊ-दहाच व्होल्ट मिळत असतील, तर नवा पंपही तितकाच मंद चालणार. इंधनाची नळी उघडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून, नळीतला दाब उतरविणे अत्यावश्यक आहे. अन्यथा गरम इंजिनावर पेट्रोलचा फवारा उडतो.

पेट्रोलच्या प्रतीचा प्रश्न जुनाच आहे. रॉकेलची भेसळ केलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन कमी होतो, चढाला इंजिन ठोके मारू लागते, प्लग काळे पडतात आणि शक्ती जाते. या धंद्याचे खरे रूप महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मनमाडजवळ इंधनभेसळ पकडणारे मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना त्या दिवशी जिवंत जाळण्यात आले. टाकी भरल्यानंतर लगोलग दोष सुरू झाला असेल, तर पावती जपून ठेवावी आणि पंपावर फिल्टर पेपरच्या चाचणीची मागणी करावी. ग्राहकाला तो अधिकार आहे.

इथेनॉलचा मुद्दा नवा आहे. २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. मिश्रणात ही तूट सहा-सात टक्क्यांपर्यंत भरते. ऑक्सिजन सेन्सर चांगला असेल, तर संगणक इंजेक्टर अधिक वेळ उघडा ठेवून बरीचशी भरपाई करतो. सेन्सर म्हातारा झाला असेल, तर मिश्रण पातळ राहते आणि आयडलिंगला मिसिंग सुरू होते. याखेरीज इथेनॉल जुन्या टाकीतील गाळ सोडविते, तो फिल्टरमध्ये अडकतो. काही जुन्या रबरी नळ्या फुगतात वा तडकतात. आणि ते पाणी शोषून घेते. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पावसाळ्यात पुरेसे पाणी जमले, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसते, आणि पंप नेमका तळातूनच खेचतो. अशी गाडी ढकलूनही सुरू होत नाही. टाकी रिकामी करणे हाच उपाय.

हवेची बाजू थोडक्यात. आयडलिंगला इनटेकभोवतीच्या प्रत्येक नळीवर कान द्यावा; बारीक शिटी ऐकू आली, तर गळती तेथेच. ब्रेक बूस्टरची नळी विसरू नये. थ्रॉटल बॉडीतील काजळी साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांचे आयडलिंग सुधारते, परंतु त्याने चढावरची ओढ परत येईल अशी अपेक्षा बाळगू नये.

इंजिनाच्या पोटात

ठिणगी आणि इंधन दोन्ही निर्दोष असतील, तर कॉम्प्रेशन मोजावे. बहुतेक निरोगी पेट्रोल इंजिनांत ते बारा-चौदा किलोच्या घरात भरते; मात्र आकड्यापेक्षा सिलिंडरांतील परस्परफरक महत्त्वाचा. एकाच सिलिंडरात ते फार कमी भरले, तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. वाढले तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढले तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सीएनजीवर दीर्घकाळ धावलेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजून क्लिअरन्स संपतो आणि व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. वेळीच लक्षात आले, तर केवळ ॲडजस्टमेंटवर भागते. दुर्लक्ष केले, तर हेड उतरवावे लागते.

टायमिंग बेल्ट एक दात सरकला असेल, तर मिसिंगविना सर्वच वेगांत शक्ती गेलेली असते. हा दोष नुकताच बेल्ट बदललेल्या गाडीत आधी शोधावा.

मिसिंगकडे केलेल्या दुर्लक्षाची सर्वांत महाग किंमत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मोजतो. न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन पेटते, आतील जाळी लाल होऊन वितळते आणि धुराची वाट बुजते. मग मूळ मिसिंग दुरुस्त झाले तरी गाडी वेग घेत नाही, आणि पीयूसीलाही अडते. इनटेकला व्हॅक्यूम गेज लावून अडीच-तीन हजार आरपीएम धरून ठेवावे. काटा स्थिर न राहता हळूहळू खाली येऊ लागला, तर वाट बुजल्याचे समजावे. पॅनेलवरील चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, तर अनेक गाड्यांत हा कन्व्हर्टर धोक्यात असल्याचा इशारा असतो. एसी बंद करून, रेस कमी ठेवून, जवळच्या सुरक्षित जागी थांबावे. कोरड्या गवतावर मात्र गाडी उभी करू नये. तापलेला कन्व्हर्टर ते पेटवू शकतो.

स्कॅनर लावण्यास हरकत नाही, किंबहुना लावावाच. पण कोड म्हणजे तक्रार असते, निदान नव्हे. ऑक्सिजन सेन्सरने ‘मिश्रण पातळ’ असा कोड दिला, तर सेन्सर बिघडला असेलच असे नाही. बहुधा तो खरे बोलत असतो आणि हवा कोठून तरी शिरत असते किंवा पंप थकलेला असतो. कोड पुसण्यापूर्वी तो कागदावर उतरवून घ्यावा. बॅटरी काढल्यास कित्येक गाड्यांतील साठविलेले कोडही जातात, म्हणून ते काम शेवटी.

दुरुस्तीनंतर तपासणी गॅरेजच्या दारात उरकू नये. ज्या चढावर, जितक्या ओझ्यासह आणि ज्या इंधनावर दोष दिसत होता, तेथेच गाडी पुन्हा चालवून पाहावी. दोष पावसातला असेल, तर प्लग वायरवर पाण्याचा हलका फवारा मारून आयडलिंग ऐकावे. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर प्लग काढून पाहिले असता त्यांच्या टोकांचा रंग फिकट तपकिरी आणि सर्व सिलिंडरांत सारखा असावा. एखादाच काळा किंवा ओला निघाला, तर त्या सिलिंडरचे काम अजून बाकी आहे.